न धावता मिळालेल्या सहा धावा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला एक प्रश्न हमखास पडतो. ‘रन’ म्हणजे धावणं, हे तो प्राथमिक शाळेतच शिकलेला असतो. पुढे मात्र हा शब्द जागोजागी काही वेगळंच सांगू लागतो. सर्दी झाली की नाक ‘रन’ होतं. कच्च्या रंगाचं कापड धुतलं की त्याचा रंग ‘रन’ होतो. कुणी हॉटेल ‘रन’ करतं, कुणी राष्ट्राध्यक्षपदासाठी ‘रन’ करतं, वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करतं. तापाने फणफणलेलं मूल अंथरुणात निपचित पडलेलं असलं तरी ते ‘टेंपरेचर रन’ करत असतं. यात धावतंय कोण? आणि इतक्या वेगळ्या गोष्टींना वेगळे शब्द द्यायला इंग्रजांची काय हरकत होती?

प्रश्न अगदी रास्त आहे. ‘इंग्रजी भाषाच तशी विचित्र आहे’ एवढं सांगून त्याची बोळवण केली जाते, तेव्हा विचारणाऱ्या मुलाचं खरोखर नुकसान होतं. कारण या पसाऱ्याला रीत आहे, आणि ती सांगून समजण्यासारखी आहे.

१. सहाशे पंचेचाळीस

आधी पसारा केवढा आहे ते पाहू. इंग्रजी शब्दांचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली त्याची कल्पना निघाली, १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादनाची सूत्रं हाती घेतली, आणि पहिली आवृत्ती पूर्ण झाली ती १९२८ साली. मरे तोवर हयात नव्हते. १९१५ सालीच त्यांचं निधन झालं होतं.

कामाची पद्धत साधी आणि चिकाटीची होती. जगभरातले स्वयंसेवक जुनी-नवी पुस्तकं वाचत आणि एखादा शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून मरे यांच्याकडे पाठवत. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या घराच्या बागेत पत्र्याची एक शेड होती, तिच्यातल्या खणांमध्ये या लाखो चिठ्ठ्या लावलेल्या असत. एका शब्दाच्या चिठ्ठ्या काढायच्या, वाचायच्या, सारख्या अर्थाच्या एकत्र ठेवायच्या, आणि मग प्रत्येक गठ्ठ्याला व्याख्या लिहायची. म्हणजे अर्थ आधी ठरवून वाक्यं शोधली गेली नाहीत. माणसांनी लिहिलेल्या वाक्यांतून अर्थ वेचले गेले. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण कोश म्हणजे शब्दांचा कायदा, असं आपण उगीचच धरून चालतो.

१९८९ साली दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाची होती. एका शब्दाच्या वर्णनासाठी सुमारे ६० हजार शब्द खर्ची पडले होते, म्हणजे एखाद्या कादंबरीएवढा मजकूर. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने तपासायला घेतली गेली. संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिन्यांहून अधिक या एका शब्दात गेले, आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. २०११ साली ही बातमी झाली, तेव्हा ‘सेट’चं पहिलं स्थान गेलं होतं.

२. एक अर्थ कुठे संपतो?

हे ६४५ मोजले कसे? दोन वाक्यांत एकच अर्थ आहे की दोन, हे ठरवायला भाषेचे अभ्यासक एक सोपी युक्ती वापरतात. ती मराठीतच करून पाहू.

‘त्याने भाकरी आणि पिठलं खाल्लं.’ या वाक्यात काही खटकत नाही. आता ‘त्याने भाकरी आणि मार खाल्ला’ असं म्हणून बघा. लगेच हसू येतं. ‘खाणे’ या एकाच क्रियापदाला आपण दोन वेगळ्या कामांना एकदम जुंपलं, आणि ते अवघडलं. याचा अर्थ भाकरी खाणं आणि मार खाणं हे दोन अर्थ आहेत. लाच खाणं हा तिसरा, आणि यंत्राने वीज खाणं बहुधा चौथा.

हीच परीक्षा ‘रन’ला लावा. ‘तिने मॅरेथॉन आणि किराणा दुकान रन केलं’ हे इंग्रजीतही असंच अवघडतं. पण नळाचं पाणी वाहतं आणि नाक वाहतं, हे दोन अर्थ की एकच? इथे कोशकारांत दोन प्रवृत्ती दिसतात. काही जण जवळचे अर्थ एकत्र बांधतात, काही जण बारकाव्यानुसार वेगळे काढत जातात. म्हणून ६४५ हा आकडा फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात तसा पक्का नाही. दुसऱ्या संपादकाच्या हाती तो कमी-जास्त झाला असता, आणि विद्यार्थ्यांसाठीचा छोटा कोश त्याच शब्दाचं काम थोडक्यात भागवतो. अर्थांची वाढ मात्र खरी आहे. ती कशी झाली, हे अर्थांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

३. पायांपासून कारखान्यापर्यंत

कोकणात किंवा देशावर एखादा जुना वाडा पाहिला असेल, तर तो एकदम बांधलेला नसतो हे ठाऊक असेल. आधी माजघर आणि ओटी, मग लेकाचं लग्न झालं म्हणून एक खोली, धान्य वाढलं म्हणून कोठार, नातवाच्या वेळी वर माडी. प्रत्येक नवी खोली आधीच्या कुठल्यातरी भिंतीला धरून उभी राहते. ओटीवर उभं राहून शेवटची खोली दिसत नाही, पण दारामागून दार ओलांडत गेलं की पोहोचता येतं. शब्दाचे अर्थ असेच वाढतात.

‘रन’ची जुनी घडण पाहा. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतच हा शब्द पायांनी धावण्यासाठीही होता आणि पाणी वाहण्यासाठीही. जर्मन भाषेत त्याच घराण्यातलं ‘रिनेन’ हे क्रियापद आजही वाहणं, झिरपणं या अर्थाने आहे. तेव्हा नाक ‘रन’ होणं ही अलीकडची गंमत नव्हे, तो फार जुन्या अर्थाचा वंशज आहे. पाणी जसं वाहत पसरतं तसा ओल्या कापडातला रंग पसरतो, म्हणून रंगही ‘रन’ होतो.

दुसरीकडे, न अडखळता पुढे जात राहणं हे धावण्याचं एक लक्षण. त्यातून गाडी आणि जहाज यांच्यासाठी हाच शब्द आला. चाकं फिरू लागली की जागच्या जागी फिरणारं यंत्रही ‘रन’ होऊ लागलं. यंत्रांचं युग आलं तेव्हा या अर्थांना एकदम बहर आला, कारण सतत चालू असणाऱ्या वस्तूच आता जिकडेतिकडे झाल्या होत्या. यंत्र सुरू राहतं तसा कारखाना सुरू राहतो, दुकान सुरू राहतं, करार दोन वर्षं सुरू राहतो, रंगमंचावर नाटक सुरू राहतं. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालं आणि अनेक दशकं चाललं. त्या दीर्घ खेळमालिकेलाही ‘रन’च म्हणतात. संगणक आला तेव्हा प्रोग्रॅमसाठी नवा शब्द घडवायची गरजच पडली नाही.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजीत जे धावतं, ते मराठीत चालतं. आपलं यंत्र चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, घड्याळ चालतं, संसारही चालतो. फ्रेंच माणूससुद्धा यंत्र ठीक असल्याचं सांगताना ते चालतंय, या अर्थाचं ‘मार्श’ वापरतो, तर जर्मन माणूस धावण्याचा शब्द घेतो. कल्पना एकच, की जे बिनबोभाट सुरू आहे ते गतिमान आहे. पाऊल किती जोरात टाकायचं, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं. निवडणुकीत तर इंग्रजी आपसांतही भांडते. अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटिश उमेदवार मात्र आपल्या उमेदवारासारखाच उभा राहतो.

आणि क्रिकेट. फलंदाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावला की एक ‘रन’. अठराव्या शतकात गुणलेखक काठीवर खाच पाडून ही मोजणी ठेवत. आधी धावण्याची क्रिया होती, मग त्या क्रियेबद्दल मिळणाऱ्या गुणाला तेच नाव पडलं. नंतर हा गुण स्वतंत्रपणे जगू लागला. आज फलंदाज चेंडू सीमारेषेपार भिरकावतो, जागचा हलतही नाही, आणि फलकावर सहा धावा चढतात. पंच हात पसरून वाइड दाखवतात, तीही एक धाव. ज्या क्रियेतून अर्थ जन्मला ती क्रिया पूर्ण गळून पडली तरी अर्थ टिकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं शोधून सापडणार नाही.

४. व्याकरणाने घातलेली भर

कल्पनेने वाढ होते ती सगळ्याच भाषांत. इंग्रजीत ती इतकी का झाली, याचं उत्तर तिच्या व्याकरणात आहे.

मराठीत घड्याळ चालतं आणि घड्याळजी ते चालवतो. चोर पळतो आणि पाकीट पळवतो. क्रिया आपोआप होणं आणि कुणीतरी ती करवणं, यांसाठी आपण क्रियापदाचं रूप बदलतो. इंग्रजीत ‘रन’ दोन्हीकडे तसाच राहतो. पाणी ‘रन’ होतं, आणि आंघोळीसाठी टब भरणारा माणूसही बाथ ‘रन’ करतो. एवढ्या एका कारणाने अर्थांच्या जोड्याच्या जोड्या तयार होतात.

दुसरं असं, की इंग्रजीचे जुने प्रत्यय झिजून गेले. त्यामुळे क्रियापद आहे तसं उचलून नाम म्हणून वापरता येतं. मराठीत ‘धावणे’चं ‘धाव’ करावं लागतं, ‘चालणे’चं ‘चाल’ किंवा ‘चलन’. इंग्रजीत नामही ‘रन’च. कोंबड्यांना मोकळं फिरायला घातलेलं कुंपण म्हणजे ‘रन’, बर्फावरून घसरण्याची उतरण म्हणजे ‘रन’, ठेवीदारांनी घाबरून एकाच वेळी पैसे काढायला बँकेवर लोटणं म्हणजेही ‘रन’. शिवाय वरचे ६४५ अर्थ नुसत्या क्रियापदाचे आहेत, ही नामं त्यांत धरलेलीच नाहीत.

तिसरी भर छोट्या शब्दांची. ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’ यांतला एकेक शब्द मागे लागला की साखर संपते, जुना मित्र अवचित भेटतो, गाडी अंगावरून जाते, घड्याळाची चावी उतरते. आपण हेच काम जोड क्रियापदांनी करतो. ‘बसणे’ला बिचकून पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला ‘करून बसला’, ‘विसरून बसला’, ‘रुसून बसला’ शिकताना असाच घाम फुटतो.

५. बॅट आणि बॅट

इथवर पाहिलं ते एका शब्दाच्या अनेक अर्थांविषयी. त्याला अनेकार्थता म्हणतात. त्यासाठीची फ्रेंच संज्ञा मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली प्रचारात आणली. पण आणखी एक प्रकार आहे, आणि दोहोंची गल्लत करू नये. इंग्रजीत वटवाघूळ म्हणजे ‘बॅट’ आणि चेंडू मारायचं लाकूडही ‘बॅट’. या दोघांचा काही संबंध नाही. वटवाघळाच्या शब्दाचं मूळ स्कँडिनेव्हियन वाटेने आलेलं आहे, लाकडाचा शब्द जुन्या इंग्रजीतला. झिजता झिजता दोघांचा उच्चार योगायोगाने एक झाला. आपल्याकडे ‘नाव’ असंच आहे. होडी या अर्थाचं ‘नाव’ संस्कृत ‘नौ’पासून, माणसाचं ‘नाव’ ‘नाम’पासून. ते दोन शब्द आहेत.

‘सेट’मध्ये दोन्ही प्रकार मिसळले आहेत. ठेवणं, बसवणं या अर्थाचा ‘सेट’ जुन्या इंग्रजीतल्या ‘बसवणे’ या क्रियापदातून आला. टोळी किंवा गट या अर्थाचा ‘सेट’ मात्र बऱ्याच अंशी लॅटिनमधल्या ‘सेक्ता’ या शब्दातून फ्रेंचमार्गे आलेला आहे. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ हा त्याचाच भाऊ. बाहेरून आलेला आणि घरचा असे दोघे इतके एकरूप झाले, की गणितातला ‘सेट’ कुणाचा, हे सामान्य इंग्रज सांगू शकणार नाही.

६. सोपे शब्दच अवघड का?

१९४५ साली जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने एक संबंध दाखवून दिला. जो शब्द जास्त वापरला जातो त्याला अर्थही जास्त असतात, आणि हे प्रमाण ढोबळमानाने वर्गमुळाचं असतं. समजा एक शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट अधिक वेळा येतो. शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणजे त्याचे अर्थ साधारण दहापट असतील अशी अपेक्षा धरायची.

कारण समजायला कठीण नाही. नवी गोष्ट सांगायची वेळ आली की बोलणारा हाताशी असलेला शब्द उचलतो. जो शब्द सारखा ओठांवर असतो तोच उचलला जातो, त्याला नवा अर्थ मिळतो, म्हणून तो आणखी वापरला जातो. उलट ‘फोटोसिंथेसिस’ची वेळ वर्षातून एकदा येते, तीही वर्गात. त्याला एकच अर्थ आहे आणि एकच राहील. आपल्याकडे ‘प्रकाशसंश्लेषण’चं तसंच, तर ‘लागणे’ची गणती करून पाहा : भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, झाडाला फळं लागतात, कुणी नात्याने कुणाचा मामा लागतो, आणि घाटात काही जणांना बस लागते.

म्हणून लांबलचक शब्दांच्या याद्या पाठ करून घेणारे वर्ग मला उलट्या दिशेने जाणारे वाटतात. लांब शब्द एकदा कळला की संपला. खरे कष्ट ‘रन’, ‘सेट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’ यांच्यावर घ्यायला हवेत, आणि नेमके तेच ‘सोपे’ म्हणून दुसऱ्या यत्तेत सोडून दिले जातात.

७. ऐकणाऱ्याच्या मनात

इतके अर्थ असूनही इंग्रज माणूस गोंधळत कसा नाही? त्याच्या मनात नेमका अर्थच तेवढा उमटतो का?

डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली याची परीक्षा घेतली. ‘बग’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत, किडा आणि लपवलेला मायक्रोफोन. लोकांना कानांत एक गोष्ट ऐकवली, तिच्यात संदर्भावरून किडा हाच अर्थ उघड होता. ‘बग’ शब्द ऐकू येताच समोरच्या पडद्यावर एक शब्द झळकायचा आणि तो खरा इंग्रजी शब्द आहे की नाही ते चटकन सांगायचं. ‘मुंगी’ दाखवल्यावर उत्तर लवकर आलं, यात नवल नाही. पण ‘हेर’ दाखवल्यावरही ते तितक्याच लवकर आलं. म्हणजे मनाने दोन्ही अर्थ उघडले होते. तोच शब्द जरा उशिरा, गोष्ट दोन-तीन अक्षरं पुढे सरकल्यावर दाखवला, तेव्हा फक्त ‘मुंगी’ला फायदा मिळाला. सेकंदभरात नको तो अर्थ मिटला होता, आणि ऐकणाऱ्याला त्याची जाणीवही नव्हती.

अर्थ निवडतं ते आजूबाजूचं वाक्य आणि प्रसंग. आपल्या परंपरेला हे चांगलं ठाऊक होतं. भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ ग्रंथात अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाकशाने ठरतो ते मोजून दिलं आहे : सोबत काय आलंय, विरोध कुणाशी आहे, प्रकरण कोणतं, स्थळ कोणतं, काळ कोणता. ‘हरी’ म्हणजे विष्णू, सिंह, वानर यांपैकी कुणीही. शंख-चक्र सोबत असेल तर मात्र तो विष्णूच. जुन्या शास्त्रग्रंथांत ‘सैंधव आण’ हे उदाहरण पुन्हा पुन्हा येतं. सैंधव म्हणजे मीठ आणि सिंधू देशीचा घोडाही. पानावर बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा.

यंत्राला हेच साधेना. १९४९ साली वॉरन वीव्हर यांनी यांत्रिक भाषांतराचा प्रस्ताव मांडताना सुचवलं होतं, की यंत्राला एका वेळी एकच शब्द न दाखवता त्याच्या दोन्ही बाजूंचे काही शब्द दाखवावेत, म्हणजे अर्थ उलगडेल. १९६० साली येहोशुआ बार-हिलेल यांनी या आशेला धक्का दिला. लहान मुलाची खेळण्यांची पेटी ‘पेन’मध्ये सापडली, अशा आशयाचं त्यांचं उदाहरण आहे. ‘पेन’ म्हणजे लेखणी, आणि तान्ह्या मुलाला खेळायला केलेलं कुंपणही. पेटी लेखणीत मावत नाही, हे कुठल्याही शेजारच्या शब्दात लिहिलेलं नसतं. ते जगात वावरून कळतं. त्यांचा आक्षेप कित्येक दशकं टिकला. अलीकडची यंत्रं अफाट मजकूर वाचून प्रत्येक ठिकाणच्या ‘रन’ला त्याच्या शेजाऱ्यांनुसार वेगळी ओळख देतात, म्हणून त्यांचं भाषांतर पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं आहे.

८. मराठीत आल्यावर

शब्द उसने घेताना भाषा त्याचे सगळे अर्थ घेत नाही. ‘रन’ मराठीत आला तो मुख्यतः क्रिकेटचा हात धरून. भाषांतरं झाली तीही बहुतेक मैदानावरची : ‘धाव’, ‘धावसंख्या’, ‘धावबाद’, आणि रेडिओवरचं ‘धावतं समालोचन’. बाकी शेकडो अर्थ बाहेरच राहिले, कारण तिथे आपलं ‘चालणे’ आधीच ठाण मांडून होतं. ‘सेट’चं उलट झालं. नाटकाचा सेट, टेनिसचा सेट, दागिन्यांचा सेट, घड्याळ सेट करणं, केस सेट करणं, आणि मुलगा नोकरीत सेट होणं, हे सारं मराठी माणूस सहज बोलतो. हे अर्थ वेगवेगळ्या धंद्यांतून, वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून एकेक करून आले.

‘रन’ शिकायचा तो म्हणूनच वहीत ‘रन = धावणे’ लिहून नव्हे, तर त्याच्या सोबत्यांसकट. ‘रन’ आणि ‘नोज’ एकत्र, अर्थ नाक वाहणं. ‘रन’ आणि ‘बिझनेस’, अर्थ धंदा चालवणं. ‘रन’ आणि ‘रिस्क’, अर्थ धोका पत्करणं. ‘रन’ आणि ‘शॉर्ट’, अर्थ कमी पडणं. आणि अनोळखी जोडी भेटली तर आधी स्वतःला विचारायचं : इथे काही पुढे जातंय का, काही वाहतंय का, की काही नुसतं चालू आहे? ‘अ व्हेन रन्स डाउन हिज आर्म’ हे वाक्य घ्या. ‘व्हेन’ म्हणजे शीर. शीर धावत नाही, वाहत नाही, चालूही नाही. पण नजर तिच्यावरून खाली खाली जाते, आणि दंडापासून मनगटापर्यंत गेलेली शीर डोळ्यांपुढे येते. रस्ता गावाकडे ‘जातो’ असं आपण म्हणतो, तसंच हे.